एका तासाची सुतारशाळा

धाराशिवमधल्या माझ्या घराखाली गाडीसाठी सोडलेली १० बाय १६ फुटांची जागा आहे. गाडी आता बाहेर लिंबाखाली उभी असते आणि आत लाकूडकाम चालते. नोकरी, बाजार, पाहुणे-रावळे सांभाळून या कामाला मला दिवसाकाठी एक तास मिळतो. कधी तोही मिळत नाही. पहिल्या वर्षी त्या तासातली वीस-पंचवीस मिनिटे शोधाशोधीतच जायची. पेन्सिल सापडली तर गुण्या नाही, गुण्या सापडला तर बारीक पटाशी नाही. हात जरा कामाला लागला की वरून जेवणाची हाक यायची.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत मी एकही वस्तू बनवली नाही, फक्त ही खोली लावली. तेव्हापासून तोच एक तास पुरायला लागला. हौशी माणूस जागा नाही, यंत्रे नाहीत म्हणून अडत नाही. तो अडतो वेळेपाशी. वेळ विकत मिळत नाही, पण वस्तू जागच्या जागी असतील तर वाया जाणारा वेळ नक्की परत मिळतो. ज्यांच्या मनात लाकूडकाम सुरू करायचे आहे, किंवा ज्यांची हत्यारे पोत्यात आणि खोक्यात पडून आहेत, त्यांना आज ही खोली शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत दाखवतो.

आधी खडूने आखा

बहुतेकांची पहिली चूक म्हणजे आधी यंत्र घेणे आणि मग ते कुठे ठेवायचे याचा विचार करणे. खोली पूर्ण रिकामी करा, झाडून घ्या आणि खडूने फरशीवर सगळे आखा. बाक कुठे, लाकडाचा रॅक कुठे, धार लावायचे टेबल कुठे. प्लायवूडचा पूर्ण ताव ८ बाय ४ फुटांचा असतो. तो आत आणून वळवता येतो का, हे जुन्या पुठ्ठ्याचा तुकडा जोडून तपासा. बाकाभोवती किमान अडीच-तीन फुटांची वाट मोकळी हवी. चार दिवस त्या खडूच्या रेघांतून नुसते चालून पाहा. कुठे पाय अडतो ते आपोआप कळते.

माझ्या खोलीचे तीन भाग आहेत. शटरजवळ लाकूड येते आणि कापले जाते, म्हणजे भुसा दाराशीच राहतो आणि लांब फळी कापताना तिचे टोक बाहेर काढता येते. मधे बाक, तिथे रंधणे आणि सांधे बसवणे. आतल्या कोपऱ्यात धार आणि पॉलिश. ओल्या पॉलिशवर भुसा बसला की दोन दिवसांची मेहनत जाते, म्हणून कापणी आणि पॉलिश ही दोन कामे एकमेकांपासून शक्य तितकी लांब ठेवा.

जड यंत्रांना ब्रेकची चाके लावा. त्यांची उंची बाकाइतकीच ठेवली तर लांब फळी कापताना बाकच तिला आधार देतो, वेगळा माणूस धरायला लागत नाही. दोन ट्यूबलाइट डोक्यावर असू द्या, पण एक दिवा बाजूने, बाकाच्या उंचीच्या जरा वर लावा. आडव्या उजेडात आखलेली बारीक रेघ आणि रंध्याने राहिलेला उंचवटा स्पष्ट दिसतो. वरच्या उजेडात तो लपतो.

एक गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा भूकंप सास्तूर, लोहारा, उमरगा या भागाने भोगला आहे. वजनदार वस्तू नेहमी खालच्या कप्प्यात ठेवायच्या आणि प्रत्येक रॅक भिंतीला अँकर बोल्टने पक्का करायचा, हा नियम मी त्या आठवणीतून घेतला आहे. डोक्याच्या वर फक्त हलक्या पट्ट्या आणि नमुन्याचे पुठ्ठे.

बाक : सुताराच्या पायाची जागा घेणारा

गावाकडचा सुतार जमिनीवर बसून काम करायचा. आडवा ओंडका, त्यावर लाकूड, आणि ते धरायला पाय. पायाची पकड इतकी पक्की की दोन्ही हात वाकसाला किंवा पटाशीला मोकळे. ती बैठक लहानपणापासूनची असते, चाळिशीत शिकून येत नाही. आपल्याला उभ्याने काम करायचे तर ती पकड बाकाकडून घ्यावी लागते.

म्हणून बाकाचे पहिले काम लाकूड घट्ट धरणे आणि दुसरे जागचे न हलणे. माझा बाक ५ फूट लांब, २ फूट रुंद आहे आणि वरची फळी ३ इंच जाड. उंची ठरवायची सोपी रीत अशी : ताठ उभे राहा, हात सैल सोडा, मनगटाची घडी जिथे येते ती बाकाची उंची. रंधा जास्त मारणार असाल तर एक-दोन इंच कमी ठेवा, म्हणजे अंगाचे वजन रंध्यावर पडते आणि खांदे दुखत नाहीत. उजव्या हाताने काम करणाऱ्याने शिकंजा बाकाच्या डाव्या टोकाला लावावा.

बाकाची वरची फळी हा आपला कामाचा पाट आहे, तो सामान ठेवायचा कट्टा नव्हे. माझ्या बाकावर चालू कामाचे लाकूड आणि त्या क्षणी लागणारी दोन हत्यारे, एवढेच असते.

भिंत बोलली पाहिजे

पेटीत आणि खणात ठेवलेले हत्यार म्हणजे दृष्टीआड सृष्टी. असलेलीच पटाशी विसरून माणूस दुसरी विकत आणतो. बाकामागची भिंत रिकामी असेल तर तीच तुमची हत्यारपेटी.

त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. १८ मिलिमीटर प्लायच्या चार-पाच इंच रुंद पट्ट्या घ्या आणि त्या लांबीत मधोमध ४५ अंशांत तिरक्या चिरा. एक अर्धी भिंतीला स्क्रूने मारायची. तिची टोकदार कड वर आणि खोलीच्या बाजूला ठेवायची, म्हणजे पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये तिरकी खाच राहते. दुसरी अर्धी उलटी करून हत्यारांच्या घडवंचीच्या पाठीला लावायची. ती वरून त्या खाचेत अडकते आणि वजन पडेल तशी घट्ट होते. भिंतीवर एकाखाली एक अशा चार-पाच पट्ट्या मारल्या की कोणतीही घडवंची उचलून हवी तिथे सरकवता येते, नव्याने भोके पाडायला लागत नाहीत. हत्यारे वाढत जातात, भिंत त्यांच्यासोबत बदलत जाते.

हत्यारे जातीप्रमाणे लावू नका, कामाच्या क्रमाने लावा. माझ्या भिंतीवर डावीकडून आधी आखणीची साधने आहेत : स्टीलची पट्टी, गुण्या, टोचा, पेन्सिल. मग करवती, मग पटाश्या आणि मोगरी, मग रंधे, शेवटी कानस आणि पॉलिशपेपर. लाकूड ज्या वाटेने जाते त्याच वाटेने हात जातो. रोज लागणारी वस्तू पाय न हलवता हाताला आली पाहिजे. महिन्यातून एकदा लागणारी वर किंवा खाली गेली तरी चालते.

प्रत्येक हत्यारामागे त्याची बाह्यरेषा रंगाने काढा. माझ्या सहा मिलिमीटरच्या पटाशीची पांढरी आकृती निळ्या प्लायवर आहे. शटर ओढण्याआधी भिंतीवर नजर टाकली आणि ती आकृती रिकामी दिसली की समजायचे, पटाशी भुशात पडली आहे. उद्या ती पायात घुसण्यापेक्षा आज सापडलेली बरी.

स्क्रू आणि खिळ्यांसाठी पारदर्शक बरण्या वापरा. झाकण फळीच्या खालून स्क्रूने मारले की बरणी फिरवून काढता-लावता येते. बरणीवर माप लिहा. जपानी कारखान्यांत हीच शिस्त पाच पायऱ्यांत बांधलेली आहे : नको ते काढा, हवे ते लावा, स्वच्छ करा, सगळीकडे एकच पद्धत ठेवा, आणि ती सवय टिकवा. पहिली पायरी सर्वांत अवघड जाते. वर्षभर हात न लागलेली वस्तू खोलीबाहेर काढायला मन घट्ट करावे लागते.

हत्यारे थोडी, धार पक्की

सुरुवातीला एवढे पुरते : एक गुण्या, एक स्टीलची पट्टी, एक रेघ मारायचे गेज, एक बारीक दातांची करवत, १४ इंची मध्यम रंधा, ६, १२, १८ आणि २५ मिलिमीटरच्या चार पटाश्या, लाकडी मोगरी, चार-सहा क्लॅम्प, एक ड्रिल आणि धार लावायचे दोन दगड. आठवडी बाजारात आणि भंगाराच्या दुकानात जुन्या रंध्यांची पाती मिळतात. वरच्या गंजाला भिऊ नका; पाते ठिसूळ नसेल आणि खोल खड्डे नसतील तर घासून ते नव्यासारखे काम देते.

पटाशीला आणि रंध्याच्या पात्याला मूळ उतार २५ अंशांचा आणि टोकाची बारीक धार ३० अंशांची ठेवा. आधी १००० नंबरच्या दगडावर पाठीमागे बारीक बोंड जाणवेपर्यंत, मग ४००० किंवा ६००० नंबरच्या दगडावर, शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर दोन-चार हात. धार तपासायला बोट लावू नका. मऊ लाकडाचे आडवे टोक कापून पाहा. ते चुरगळले नाही आणि चकचकीत कापले गेले तर धार लागली. माझा दगड सतत बाहेर मांडलेला असतो. तो कपाटातून काढावा लागला तर माणूस बोथट पटाशीवर जोर लावत बसतो, आणि हात कापला जातो तो बहुतेक वेळा त्याच जोराने.

पावसाळ्यात हत्यारांवर शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा.

लाकूड आपल्याच आसपास आहे

आपल्या जिल्ह्यात जंगल अगदी थोडे; सागवान बाहेरून येते आणि महाग पडते. पण मराठवाड्याच्या जुन्या घरांत लाकडाचा मोठा साठा आहे. माळवदाची घरे आठवा : जाड दगडमातीच्या भिंती, आत खांब, तुळया, वर किलच्या आणि त्यावर फूट-दोन फूट मातीचा थर. १९९३च्या भूकंपात अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या, माती कोसळली, हजारो माणसे दगावली. काही घरांत मात्र आतला लाकडी सांगाडा उभा राहिला होता. आता नवे बांधकाम करताना लोक माळवदे उतरवतात तेव्हा कित्येक दशके वाळलेले सागवान बाहेर येते. ते सरपणात जाऊ देऊ नये.

असे लाकूड घेताना तीन गोष्टी बघा. मजबूत लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. एक लपलेला खिळा रंध्याच्या पात्याचा दात पाडतो. टोचा खुपसून वाळवीने पोखरलेला भाग ओळखा. टोचा सहज आत गेला तर तेवढा कापून टाका. आणि भाव घनफुटाने ठरतो, म्हणून हिशेब स्वतः करा : लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. आठ फूट लांब, सहा बाय सहा इंचांची तुळई म्हणजे २ घनफूट. तुळई वखारीत नेऊन फळ्यांत चिरून घ्या; तेवढ्यासाठी मोठे यंत्र घरात आणायचे कारण नाही.

बाभूळ ही आपल्या मातीतली. औत, कुळव, गाडीची चाके तिच्यावरच चालली. मोगरी, हत्यारांचे दांडे, बाकाचे पाय यांसाठी तिच्यासारखे लाकूड नाही. मात्र पूर्ण वाळली की ती रंध्याला दाद देत नाही, म्हणून जाड कापणी ओलसर असतानाच करा. बाहेरचा पांढरट भाग काढून टाका, भुंगेरे तिथेच लागतात. कडुनिंबाला कीड कमी लागते, फळ्या-खणांना तो चांगला. पण त्याचे रेषे उलटसुलट जातात, त्यामुळे रंध्याचा कीस अगदी पातळ काढा. स्वतःच्या बांधावरचे झाड असले तरी १९६४च्या कायद्यानुसार साग, आंबा, चिंच, जांभूळ यांसारखी झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वादळाने पडलेल्या झाडाबाबतही आधी चौकशी करा.

ओल्या फळ्या घेतल्या तर जाडीच्या प्रत्येक इंचामागे साधारण एक वर्ष वाळवाव्या लागतात. फळ्या आडव्या रचा, प्रत्येक थरामध्ये एक इंची पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत ठेवा आणि फळीच्या दोन्ही टोकांना ऑइलपेंट लावा. टोकांतून पाणी सर्वांत लवकर उडते आणि तिथूनच चिरा पडतात. भिंतीवरच्या रॅकवर प्रत्येक फळीवर तारीख आणि लाकडाचे नाव खडूने लिहिलेले असते. दोन फुटांपेक्षा लहान तुकड्यांसाठी एकच पेटी आहे. ती भरली की नवा तुकडा ठेवण्याआधी एक जुना बाहेर जातो.

पाट का चिरतो

पहिली वस्तू म्हणून बसायचा पाट करा. त्यात लाकूडकामाचा सगळ्यात मोठा धडा आहे. माझा पहिला पाट मी श्रावणात केला : एक फूट रुंद फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या, भरपूर फेविकॉल आणि वर खिळे. चैत्र संपेपर्यंत फळी मधोमध उभी चिरली. आवाज ऐकून मी खाली आलो तेव्हा चिरीतून फरशी दिसत होती.

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आक्रसते. आपला पावसाळा दमट आणि उन्हाळा चाळिशी ओलांडणारा कोरडा. एवढ्या फरकात एक फूट रुंद सागाची फळी दोन मिलिमीटरच्या आसपास हलते. खालची आडवी पट्टी मात्र लांबीत हलत नाही. दोघींना डिंकाने जखडले की फळीला जागा मिळत नाही आणि ती फाटते.

उपाय साधा आहे. मधला एक स्क्रू घट्ट बसवा. बाजूच्या स्क्रूंसाठी खालच्या पट्टीत गोल भोकाऐवजी फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट भोक पाडा आणि स्क्रूखाली वायसर टाका. डिंक लावला तर फक्त मध्यावर दोन इंच. फळी मोकळेपणाने सरकते, पाट सपाट राहतो. माझा दुसरा पाट आजही जेवणघरात आहे. हे एकदा हाताला समजले की दार, टेबल, पेटी सगळ्यांचे गणित सोपे होते. जुन्या दारांच्या तावदानांतली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी का बसवलेली असते, तेही लक्षात येते. कधी तेरला गेलात तर तिथल्या लामतुरे संग्रहालयात उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट आहे, ती जवळून पाहा. याच भूमीत लाकडावर किती धीराने काम झाले आहे, ते कळेल.

वीज, धूळ आणि आग

यंत्रांसाठी स्वतंत्र १६ अँपिअरची लाइन, चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवून घ्या. दीड किलोवॉटचे यंत्र साडेसहा अँपिअर खेचते. ते दिव्याच्या वायरवर चालवू नका. लाइट गेली तर आधी यंत्राचे बटण बंद करा. वीज अचानक आली आणि हात पात्याजवळ असला तर विचार करायलाही वेळ मिळत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. अँगल ग्राइंडरला लाकूड कापायचे दाती पाते लावू नका, मार्बल कटर उलटा बांधून टेबल बनवू नका. दाती पाते लाकडात अडकले की ग्राइंडर हातातून उडतो, आणि त्याला संरक्षक पाचर नसते. जे काप हाताच्या करवतीने पाच मिनिटांत होतात त्यासाठी बोटे पणाला लावायची गरज नाही. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे, सैल बाह्या, गळ्यातला गमछा नको. डोळ्यांवर चष्मा हवा.

लाकडाची बारीक धूळ निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५मध्येच ती कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत घातली आहे. घासकाम करताना एन-९५ मास्क लावा, शटर उघडे ठेवा, आणि झाडण्याऐवजी व्हॅक्यूम किंवा ओले फडके वापरा.

पॉलिशसाठी मी जवसाचे तेल आणि मधमाशीचे मेण वापरतो. आपल्याकडे जवस चटणीसाठी घरोघर असते; तेच तेल लाकडावर पातळ लावून पुसले तर रेषे उजळून येतात. पण जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप पेट घेऊ शकतात, आणि भुशाच्या खोलीत, मे महिन्यात, यासारखा धोका नाही. बोळा दोरीवर पसरून वाळवा किंवा झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. शटरजवळ वाळूची बादली आणि अग्निशामक असलाच पाहिजे.

शेजाऱ्यांचाही विचार करा. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असतील तेव्हा संध्याकाळी माझ्याकडे फक्त रंधा आणि पटाशी चालते. उन्हाळ्यात मी पहाटे साडेपाचला उतरतो. खोली थंड असते आणि हाताच्या हत्यारांनी कुणाची झोप मोडत नाही.

मिस्त्रींकडे जा

व्हिडिओ पाहून हात बसत नाही. तुमच्या गल्लीत किंवा गावी एखादे वयस्कर सुतार मिस्त्री असतील. ट्रॅक्टर आणि लोखंडी औजारे आल्यावर बलुत्याचे काम गेले, पण त्यांच्या हातातले ज्ञान गेलेले नाही. चार रविवार त्यांच्या शेजारी बसा, त्या दिवसांची मजुरी पूर्ण द्या, आणि धार कशी लावतात, रेषा कशी वाचतात, पाचर कुठे ठोकतात ते पाहा. मला कुसू आणि खाच बसवताना रेघेच्या कोणत्या बाजूने करवत चालवायची, हे एका मिस्त्रींनी एका वाक्यात सांगितले : रेघ लाकडावर राहिली पाहिजे, भुशात जाऊ नये. ज्या मिस्त्रींचा व्यवसाय अजून चालू आहे त्यांना २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची माहिती द्या. तिच्यातल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते.

शेवटची दहा मिनिटे

माझा तास प्रत्यक्षात पन्नास मिनिटांचा आहे. शेवटची दहा मिनिटे खोलीची. हत्यारे पुसून आपापल्या आकृतीवर, बाक रिकामा, भुसा पोत्यात, यंत्रांचे प्लग काढलेले. मग एका चिठ्ठीवर उद्याचे पहिले काम लिहितो आणि ती बाकावर ठेवतो : "डावी पट्टी, दोन भोके, १२ मिमी." दुसऱ्या दिवशी विचार करायला लागत नाही, शटर वर गेले की हात सुरू होतो.

तुमच्याकडे गॅरेज नसेल तर जिन्याखालची जागा, गच्चीवरची खोली, व्हरांड्याचा कोपरा घ्या. या आठवड्यात काही विकत आणू नका. घरात असलेली सगळी हत्यारे एका चादरीवर मांडा, तुटकी बाजूला काढा, उरलेल्यांना भिंतीवर एकेक खिळा ठरवून द्या आणि त्यांच्या आकृती काढा. पुढच्या रविवारी पाटाची फळी आणा.